झालं की होऊन राह्यलं?

सध्या काय करता, असं मला कोणी विचारलं की माझ्या आधी आमच्या सौभाग्यवती उत्तर देतात, "लोकांच्या खेळात भांडणं उकरून काढतात." उत्तर चुकीचं नाही. मलकापूरच्या शाळेत मी खेळ आणि इंग्रजी असे दोन विषय शिकवले. जिल्ह्यातल्या कबड्डीच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलो, शिव्या खाल्ल्या, एकदा तर एका गावातून मागच्या वाटेनं निसटलो. निवृत्तीनंतर माणूस देवधर्माला लागतो, नाहीतर गच्चीवर कुंड्या लावतो. मी राक्षस, चेटकिणी आणि उडत्या गडांच्या खेळांचे कच्चे नियम वाचून त्यांत भोकं शोधायला लागलो. लोक याला काम मानत नाहीत. न मानोत, मी मानतो.

हा खेळ काय असतो ते आधी सांगतो, कारण आमच्या गल्लीत अजूनही काहींना वाटतं की मी नईमच्या माडीवर पत्ते कुटायला जातो. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: तुमच्यापुढे नदी आहे, पलीकडे गाव जळतंय. बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं, कोणी योद्धा, कोणी वैदू, कोणी चोर. आपलं पात्र काय करतं ते ज्यानं त्यानं तोंडानं सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. जिंकणं-हरणं नसतं. गोष्ट पुढे सरकते, पात्रं जगतात किंवा मरतात. एकच पात्र लोक वर्षवर्ष चालवतात आणि ते मेलं तर खरोखर त्यांना जेवण जात नाही. फासा कधी टाकायचा, कोणी टाकायचा आणि पडल्यावर काय, हे सांगणारं एक जाडजूड पुस्तक असतं. ते छापण्याआधी कोणीतरी खेळून बघायचं आणि कुठे अडतं ते लेखकाला कळवायचं. तो कोणीतरी म्हणजे मी.

मला यात ओढलं नईमनं. नईम माझा जुना विद्यार्थी, शाळेच्या संघातला चढाई करणारा गडी. आता वडलांचं गादीचं दुकान चालवतो, कापूस पिंजतो, गाद्या-उशा भरतो. दुकानावरच्या माडीत रविवारी दुपारी तो आणि त्याचे मित्र हा खेळ खेळत. एकदा दोन पात्रांनी एकमेकांवर एकाच क्षणी वार केला. आधी मेलेल्याचा वार धरायचा की नाही, यावरून माडीवर एवढा गोंधळ झाला की नईम मला घरून उचलून घेऊन गेला. म्हणाला, पंच पाहिजे. मी ते इंग्रजी पुस्तक पालथं घातलं, त्यात उत्तर नव्हतं. मग मी त्या परदेशातल्या लेखकालाच लिहिलं की साहेब, तुमच्या खेळात मेलेला माणूस मारू शकतो का ते कळवा, इथे दोन मित्रांनी बोलणं टाकलंय. त्याचं उत्तर आलं आणि सोबत पुढच्या पुस्तकाचा कच्चा मसुदाही आला. त्यानं आणखी दोघांना माझं नाव सांगितलं, आणि माझी गाडी रुळावर आली.

मसुदा मी दोनदा वाचतो. एकदा भोळ्या माणसासारखा, म्हणजे लेखक जे सांगतो त्यावर विश्वास ठेवून. मग एकदा लबाडासारखा. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर लबाडी कुठून शिकावी लागत नाही. त्यानंतर माडीवर बसून आम्ही तो खेळतो. अभिप्राय लिहिताना एक पथ्य पाळतो: मत लिहायचं नाही, घडलं ते लिहायचं. 'हा नियम आवडला नाही' याला कोणी लेखक भीक घालत नाही. 'या नियमाचे चौघांनी पाच अर्थ काढले' म्हटलं की त्याची झोप उडते. तरी बहुतेक जण म्हणतातच, पण पुस्तकात तर स्पष्ट लिहिलंय. त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. तुम्ही प्रत्येक पुस्तकाबरोबर खोक्यात बसून येणार आहात का?

एका मसुद्यात पात्रानं किती ओझं न्यायचं ते नुसत्या वजनावर ठरवलं होतं. गोष्टीत कापसाचं एक गोदाम लागलं. नईमनं शांतपणे जाहीर केलं की त्याचा ठेंगू चोर वीस किलो सुटा कापूस पाठीवर टाकून खिडकीतून पळतो. नियमानं बरोबर होतं. ज्यानं कापूस फक्त सदऱ्याच्या रूपात पाहिलाय त्याला वीस किलो म्हणजे एक गाठोडं वाटतं. मलकापुरातलं शेंबडं पोरही सांगेल की एवढा सुटा कापूस त्या खिडकीतून जायचा नाही. पुढच्या मसुद्यात लेखकानं वजनाशेजारी आकाराचाही रकाना टाकला. दुसऱ्या एका खेळात सकाळपासून न जेवलेल्या पात्राची ताकद दुपारी निम्मी होत असे. तेव्हा रमजान चालू होता. नईम म्हणाला, "सर, या हिशोबानं त मी कवाचाच मरून पडलो." आमच्यातल्या दुसऱ्या एकाची त्याच दिवशी चतुर्थी होती. लेखकानं मला अगदी मनापासून विचारलं, तुमच्याकडे लोक न जेवता काम कसं करतात? मी लिहिलं, कुरकुरत करतात, पण करतात.

हे सगळे इंग्रजी खेळ. मराठीत लिहिलेला असा खेळ माझ्या हातात पहिल्यांदा आला तो कौस्तुभचा. कौस्तुभ पुण्याचा. नोकरी सांभाळून कित्येक वर्षं तो हा खेळ लिहीत होता. नदीकाठच्या सात गडांची गोष्ट, देव, भुतं, जादू, सगळं आपल्या मातीतलं. त्याचा जीव होता एका नियमावर. खेळाडू 'मी दार उघडतो' म्हणाला, तर तो प्रयत्न. फासा पडणार, दार उघडेल किंवा उघडणार नाही. तोच जर 'मी दार उघडलं' म्हणाला, तर दार उघडलंच, फाशाचं काम नाही. पण त्याचा एक दम खर्च होणार. प्रत्येकाच्या वाटीत मोजके चिंचोके असतात, एक चिंचोका म्हणजे एक दम. वाटी रिकामी झाली की पात्र मेलं. आणि खेळाची लय तुटू नये म्हणून सूत्रधारानं काही न बोलता चिंचोका उचलायचा.

हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. तलवारी आणि आकडे सगळ्यांच्याच खेळात असतात, पण मराठी क्रियापदावर उभा केलेला खेळ मी पाहिला नव्हता. संकटात 'करतो' म्हणावं की 'केलं' म्हणावं, यात सगळी गंमत. आम्ही वर्षभर तो माडीवर खेळलो. सूत्रधार मी. मी कौस्तुभला अभिप्राय पाठवत होतो, आणि या नियमाबद्दल लिहिलं होतं की याला हात लावू नकोस.

त्या वर्षभरात या खेळाचा सगळ्यात जास्त लळा लागला तो वैशालीला. वैशाली इंगळे वडनेर भोलजीची. मलकापुरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. नईमच्या बायकोची मैत्रीण म्हणून पहिल्यांदा आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. पुण्यात लॅबचा कोर्स करताना होस्टेलच्या मुली हिच्या 'काऊन'ला आणि 'मले-तुले'ला हसायच्या. तोंड उघडलं की नक्कल. कोर्स पुरा झाला तोवर हिनं बोलणंच कमी करून टाकलं होतं. हे तिनं मला सांगितलं नाही, नईमच्या बायकोनं सांगितलं. आमच्या टेबलावर तिनं एक पात्र घेतलं, तुंगा नावाची नावाडीण. तुंगा नद्यांशी भांडायची. दोन-तीन रविवार गेले आणि मग जी ही बया बोलायला लागली! नदीला काय दम द्यायची, राक्षसाला काय झापायची, सगळं अस्सल वडनेरच्या बोलीत. मी सूत्रधार असून माझीच गोष्ट ऐकत बसायचो.

पुस्तक छापायला जायच्या आधी कौस्तुभ स्वतः मलकापूरला आला. शेवटचा एक डाव आपण चालवून बघू, म्हणाला. मुलगा सज्जन, रेल्वेतून उतरल्या उतरल्या माझ्या पाया पडला. नईमनं त्याच्यासाठी माडीवर नवी कोरी गादी अंथरली. त्या दुपारी सूत्रधार कौस्तुभ होता आणि मी बाजूला मसुदा घेऊन बसलो होतो. तपासणाऱ्यानं डाव चालू असताना मध्ये बोलायचं नसतं.

गोष्ट अशी रंगली होती: पूर आलाय, झुलता पूल तुटतोय आणि नईमचा चोर पुलाच्या दोरात अडकलाय. वैशाली म्हणाली, "मी दोर कापून राह्यली." कौस्तुभ म्हणाला, दोर तुटला. वैशालीचा चेहरा खुलला. तिला वाटलं, पाहुण्यानं फासा माफ केला. ती म्हणाली, "मी त्याले वर ओढून राह्यली." कौस्तुभ म्हणाला, तो वर आला. दर वेळी त्याचा हात हळूच तिच्या वाटीकडे जात होता. मी ते पाहिलं, आणि नव्या मसुद्यात पुराच्या पाण्यामुळे दम जात असेल असं समजून पान शोधत बसलो. ती तर रंगात आली होती. एकामागून एक कामं सांगत गेली, आणि सगळी होत गेली. मग कौस्तुभनं वाटी उपडी केली आणि अगदी हळुवार आवाजात म्हणाला, "तुंगाचा दम संपला. तुंगा गेली."

माडीवर कोणाला काही कळेना. वैशाली म्हणाली, "काऊन? मी त फासाच टाकला नाही अजून."

कौस्तुभनं समजावून सांगितलं. कापून म्हणजे कापून झालं, आणि राहिली म्हणजे ती तिथे थांबली. तिनं प्रत्येक काम झालेलं सांगितलं, त्यानं प्रत्येक कामाला दम घेतला. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या कानानं तसंच ऐकलं होतं. इकडे आमच्या अख्ख्या वऱ्हाडात 'कापून राह्यली' म्हणजे कापते आहे, काम चालू आहे, झालेलं नाही. वर्षभर माझ्या टेबलावर सगळे 'करून राह्यलो' म्हणत होते, मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो, म्हणून नियमातलं हे भोक मला कधी दिसलंच नाही. भोकं शोधण्यात हयात गेली आणि हे माझ्या स्वतःच्या जिभेवर होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

नईम तापला. "अबे, पूल तुटून राह्यला आन् तुमी व्याकरण काढून राह्यले?" पण वैशालीनं त्याला हातानं थांबवलं. फासा टेबलावर सरळ करून ठेवला आणि कौस्तुभकडे पाहून म्हणाली, "बरोबर आहे. माझं चुकलं. मी 'कापत आहे' असं म्हणायला हवं होतं."

एकेक अक्षर घासूनपुसून. ही भाषा तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली, आणि मला शरम वाटली. नेमकी कशाची ते तेव्हा सांगता आलं नसतं. मी टेबलावर हात आपटला आणि डाव थांबवला. पंच म्हणून सांगितलं की हा डाव रद्द, तुंगा जिवंत, पुन्हा खेळा. वैशाली म्हणाली, "नको सर. सूत्रधारांचा निर्णय अंतिम असतो, असं तुम्हीच सांगता." आणि वडनेरची गाडी गाठायची म्हणून उठली.

ती गेल्यावर कौस्तुभ खरोखर कळवळला होता. त्याच्याकडे उपायही तयार होता: पुस्तकाच्या सुरुवातीला एक ओळ टाकायची, 'खेळाडूंनी कृती प्रमाण मराठीत सांगाव्यात.' एका ओळीचं काम, छपाई अडणार नाही. मी त्याला कबड्डी सांगितली. चढाई करणारा 'कबड्डी कबड्डी' म्हणत जातो. स्पष्ट म्हणा, असं नियम सांगतो. पण समोरचे टपून बसलेले असतात, छाती फुटायला आलेली असते, तेव्हा भल्याभल्यांचं 'बड्डी बड्डी' होतं, काहींचं नुसतंच 'ड्डी' उरतं. मी आयुष्यात उच्चारासाठी कोणाला बाद दिलं नाही. दम तुटला का, तेवढं ऐकलं.

तो म्हणाला, "पण काका, तुमच्या कानाला ते कळतं. माझ्या नाही कळलं. उद्या कोल्हापूरच्या सूत्रधाराला कसं कळेल? मग मी नियम काय लिहू?"

प्रश्न रास्त होता, आणि रास्त प्रश्नाला मी मान देतो. मी म्हटलं, "मग कानावर सोडूच नको. विचार."

त्यावर त्याचं म्हणणं, विचारलं की लय तुटते. मी म्हटलं, बाबा, आज तुझी लय तुटली नाही, एक माणूस तुटलं. तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. त्या आठवड्यात मी त्याला लेखी अभिप्राय पाठवला. माझं पथ्य पाळलं, त्यात मत एकही नव्हतं. वैशाली काय म्हणाली, त्यानं काय ऐकलं, चिंचोका कधी उचलला, आणि शेवटी ती कोणत्या भाषेत बोलली, एवढंच लिहिलं.

वैशाली पुढच्या रविवारी आली. नईमनं दोनदा फोन केला होता म्हणून आली असावी. तुंगाला परत घ्यायला तयार नव्हती. नवं पात्र घेतलं, कोणीतरी एक वैद्य. "मी औषध देत आहे," "मी मागे सरत आहे." बँकेत अर्ज दिल्यासारखी बोलायची. वैद्य नदीशी भांडला नाही, कोणाला झापलं नाही. चार शब्दांत आपली पाळी उरकून गप्प. असे बरेच रविवार गेले. नईम मला जिन्यात म्हणाला, "सर, तुमी कायीतरी बोला ना तिले." मी काय बोलणार? तू तुझ्या भाषेत बोल, असं कोणाला हुकूम देऊन सांगता येत नाही. शिट्टी वाजवून माणसाला बाहेर काढता येतं, आत आणता येत नाही. मला भीती एवढीच होती की ही पोरगी अशी विझत विझत एका रविवारी यायचीच थांबेल. ते मला सहन झालं नसतं.

मग कौस्तुभची छपाईपूर्व प्रत आली. त्यानं छपाई लांबवली होती. प्रमाण मराठीची ओळ कुठेच नव्हती. दमाचा नियम नव्यानं लिहिला होता: दम उचलण्याआधी सूत्रधारानं खेळाडूला मोठ्यानं विचारलंच पाहिजे, 'झालं की होऊन राह्यलं?' खेळाडू सांगेल ते खरं. हा प्रश्न जसाच्या तसा, आमच्या बोलीत, चौकटीत छापला होता. पुण्यातल्या सूत्रधारालाही तो असाच विचारावा लागणार. खाली उदाहरण दिलं होतं. पूर, पूल, दोर आणि तुंगा नावाची नावाडीण. उदाहरणात सूत्रधार विचारतो, तुंगा उत्तर देते, फासा पडतो आणि तुंगा पैलतीराला लागते.

मी ते पान उघडून वैशालीपुढे ठेवलं आणि नईमशी कापसाच्या भावावर बोलण्याचं नाटक केलं. तिनं वाचलं. परत वाचलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, झालं, हिला दुखावलं आपण.

"सर, हे कोनं लिहिलं?"

मी म्हटलं, कौस्तुभनं. का?

"फोन लावा त्याले."

मी लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडून कौस्तुभ नमस्कार काका म्हणतो न म्हणतो, तोच ही म्हणाली, "दादा, मी वैशाली बोलते, मलकापूरवरून. तुमच्या पुस्तकात चूक आहे. तुमी चौकटीत बरोबर लिहिलं, पन खाली तुंगाच्या तोंडी 'कापून राहिली' छापून ठेवलं. राहिली म्हणजे मांगं राहिली, शिल्लक राहिली. आमचं 'राह्यली' हाय. ह ले य जोडा."

कौस्तुभ म्हणाला, मुद्रितशोधकानं शुद्ध केलं असणार, त्यानं स्वतः 'राह्यली'च लिहिलं होतं. वैशाली म्हणाली, "त्याले सांगा, शुद्ध नको करू, बरोबर कर." नईम तोंडात रुमाल कोंबून हसत होता. मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला मी चष्मा पुसत होतो.

ती थांबेना. तुंगा म्हणे 'वर ओढत आहे' असं बोलते, तसं ती कधीच बोलणार नाही. नदीला ती 'तू' म्हणते, 'तुम्ही' नाही, नदी काय तिची सासू आहे? पुराचं पाणी तांबडं असतं, निळं काऊन लिहिलं? पलीकडे कागद चाळल्याचा आवाज येत होता. बिचारा लिहून घेत होता. मी इतकी वर्षं अभिप्राय लिहिले, पण एवढा नेमका आणि एवढा बिनधास्त माझ्या हातून एकही गेला नाही.

जरा उसंत मिळाली तसं कौस्तुभनं दमलेल्या आवाजात विचारलं, "वैशालीताई, झालं ना?"

वैशालीनं पान उलटलं.

"झालं कुठं, दादा? अजून सांगून राह्यली मी."